मुक्त-अभिकल्प इलेक्ट्रॉनिकी

मुक्त-अभिकल्प इलेक्ट्रॉनिकी : ज्या इलेक्ट्रॉनीय उपकरणाची मंडलाकृती, मुद्रित फलकाचा आराखडा, घटकभागांची यादी आणि त्यावर चालणारी आज्ञावली अभ्यास, फेरफार, निर्मिती व विक्री यांसाठी सर्वांना खुली ठेवलेली असते, त्याच्या रचनेस मुक्त अभिकल्प म्हणतात. हौशी तंत्रज्ञ, विद्यार्थी, शिक्षक व लहान कारखानदार हे अशा अभिकल्पांचे मुख्य निर्माते व उपयोगकर्ते होत. येथे ‘मुक्त’ याचा अर्थ फुकट असा नव्हे. रोधक, धारित्रे, ट्रँझिस्टर, संकलित मंडले इ. भाग विकत घ्यावेच लागतात. मुक्त असते ते उपकरण कसे बनवावे याचे ज्ञान व त्या ज्ञानाचा वापर करण्याची परवानगी.

अभिकल्पाची अंगे : पहिले अंग म्हणजे मंडलाकृती. कोणता घटक कोणास जोडलेला आहे हे ती दाखविते. दुसरे अंग मुद्रित फलकाचा आराखडा. त्यावरून तांब्याच्या पट्ट्या व छिद्रे यांच्या जागा ठरतात. तिसरे, घटकांची मूल्ये व प्रकार देणारी यादी आणि चौथे, सूक्ष्मनियंत्रकात (प्रक्रियक, स्मृती व आदान-प्रदान मंडले एकाच चकतीवर असलेल्या संकलित मंडलात) भरावयाची आज्ञावली. फलकाचे केवळ छायाचित्र किंवा छापील आकृती दिल्याने अभिकल्प मुक्त होत नाही. दुसऱ्यास बदल करता येईल अशा स्वरूपातील मूळ फाइली द्याव्या लागतात. यासाठी संगणकीय आरेखन साधनेही मुक्त असणे सोयीचे ठरते. जे. पी. शारास यांनी फ्रान्समध्ये १९९२ साली सुरू केलेले ‘कायकॅड’ हे असे एक साधन आहे. मुंबईच्या भारतीय तंत्रविद्या संस्थेतील ‘फॉसी’ प्रकल्पाने कायकॅड व ‘एनजीस्पाइस’ ही मंडल-सदृशीकरणाची आज्ञावली यांची सांगड घालून ‘ईसिम’ हे साधन तयार केले. त्यात मंडल प्रत्यक्ष बांधण्यापूर्वी त्याचे वर्तन संगणकावर तपासता येते.

इतिहास : मंडलाकृती एकमेकांस देण्याची प्रथा हौशी रेडिओकारांइतकी जुनी आहे. रेडिओच्या आरंभकाळापासून ग्राहक व प्रेषक यांच्या आकृत्या नियतकालिकांतून प्रसिद्ध होत आणि वाचक ते संच घरी बांधीत. भारतात १९६९ मध्ये सुरू झालेल्या ‘इलेक्ट्रॉनिक्स फॉर यू’ या इंग्रजी मासिकाने ही परंपरा चालविली. मुंबईचा लॅमिंग्टन रस्ता व पुण्यातील तापकीर गल्ली येथे सुटे भाग मिळत असल्यामुळे महाराष्ट्रातील अनेकांचा या छंदात प्रवेश झाला. अमेरिकेत मार्च १९७५ मध्ये कॅलिफोर्नियातील मेन्लो पार्क येथे ‘होमब्रू काँप्युटर क्लब’ या हौशी मंडळाची पहिली सभा झाली. स्टीव्ह वॉझ्नियाक यांनी आपल्या पहिल्या संगणकाच्या आकृत्या या मंडळातील सभासदांना मोफत वाटल्या होत्या.

भारतात सिंप्युटर या हातात मावणाऱ्या स्वस्त संगणकाचा अभिकल्प बंगलोर येथील भारतीय विज्ञान संस्थेतील अध्यापक व एका खासगी कंपनीतील अभियंते यांनी तयार केला आणि तो स्वतंत्र सार्वजनिक परवान्याखाली उपलब्ध केला. त्याची विक्री २००४ मध्ये सुरू झाली, परंतु तिला अपेक्षित प्रतिसाद मिळाला नाही. हैदराबादचे अशर फरहान यांचा ‘बिटएक्स’ हा हौशी रेडिओ संच मात्र जगभर बांधला गेला. भारतीय बाजारात सहज मिळणाऱ्या साध्या भागांतून तो बांधता येतो, हे त्याच्या प्रसाराचे मुख्य कारण होय.

इटलीतील इव्ह्रेआ येथे २००५ मध्ये मास्सिमो बांझी, डेव्हिड क्वार्तिएलेस व त्यांचे सहकारी यांनी आर्दुईनो हा फलक विद्यार्थ्यांसाठी सिद्ध केला. एर्नांदो बारागान यांनी तेथेच केलेल्या ‘वायरिंग’ या आधीच्या कामाचा त्याला आधार होता. त्याचा अभिकल्प खुला असल्याने इतर अनेक कारखान्यांनी तसेच फलक बनविले व किंमत झपाट्याने उतरली. आर्दुईनो हे नाव मात्र व्यापारचिन्ह असून ते इतरांना वापरता येत नाही.

महाराष्ट्रातील कार्य : पुणे जिल्ह्याच्या शिरूर तालुक्यातील पाबळ येथे डॉ. श्रीनाथ कलबाग (१९२८–२००३) यांनी १९८३ मध्ये विज्ञान आश्रम स्थापन केला. अन्नतंत्रविद्येत डॉक्टरेट मिळविलेले कलबाग त्यापूर्वी हिंदुस्थान लिव्हरच्या संशोधन विभागात होते. हाताने काम करीत शिकणे हेच खरे शिक्षण, या भूमिकेतून त्यांनी ग्रामीण मुलांना शेती, बांधकाम, वीज व यंत्रकाम शिकविण्याचा अभ्यासक्रम आखला. मॅसॅचूसेट्स तंत्रविद्या संस्थेतील नील गेर्शेनफेल्ड यांच्या सहकार्याने २००२ मध्ये पाबळला ‘फॅब लॅब’ ही निर्मितिशाळा निघाली. त्या संस्थेबाहेरील ही पहिली फॅब लॅब मानली जाते. संगणक-नियंत्रित कर्तन यंत्रे, फलक कोरणारे लहान यंत्र व इलेक्ट्रॉनीय मापनसाधने यांच्या साहाय्याने स्थानिक गरजेचे उपकरण तेथेच आखून तेथेच बनविणे, हे अशा शाळेचे उद्दिष्ट असते. केंद्र शासनाने २०१६ पासून अटल नवोन्मेष अभियानाखाली शाळांतून सहावी ते बारावीच्या विद्यार्थ्यांसाठी अटल टिंकरिंग प्रयोगशाळा काढण्यास साहाय्य दिले. त्यांतही आर्दुईनोसारखे मुक्त फलक वापरले जातात.

उपयोगाचे उदाहरण : मुक्त अभिकल्पाचे महत्त्व शेतीतील एका साध्या उपकरणावरून स्पष्ट होते. जालना जिल्ह्यातील घनसावंगी तालुका गोदावरीच्या उत्तरेस असून तेथील काळ्या जमिनीत कापूस, ऊस व मोसंबी ही पिके होतात. जालन्याच्या मोसंबीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. अशा भागात मातीतील ओलावा पाहून पंप चालू-बंद करणारे उपकरण उपयोगी पडते. त्यातील शलाका मातीची विद्युत् धारकता मोजते. ओलावा वाढला की धारकता वाढते व तीनुसार विद्युत् दाब बदलतो. आर्दुईनोच्या प्रचलित फलकातील सूक्ष्मनियंत्रक ० ते ५ व्होल्ट दाबाचे १,०२४ टप्पे पाडतो, म्हणजे एक टप्पा सु. ४·९ मिलिव्होल्टांचा असतो. वाचन ठरलेल्या मर्यादेपलीकडे गेले की नियंत्रक ट्रँझिस्टरामार्फत रिले चालवितो. रिलेच्या वेटोळ्याला लागणारा प्रवाह नियंत्रकाच्या टोकास झेपत नाही, म्हणून मध्ये ट्रँझिस्टर लागतो. प्रवाह तुटताना वेटोळ्यात निर्माण होणाऱ्या उलट दाबापासून ट्रँझिस्टराचे रक्षण करण्यासाठी वेटोळ्याशी समांतर डायोड जोडतात. रिले पंपाला थेट वीज देत नाही. ती स्टार्टरमधील काँटॅक्टर ओढते.

अडचण येते ती मोजमापाची. काळी माती वाळताना आकसते, तिला भेगा पडतात आणि शलाकेचा मातीशी संपर्क तुटतो. त्यामुळे दुसऱ्या प्रकारच्या मातीसाठी ठरविलेली मर्यादा येथे चुकीची ठरते. शेतातील मातीचा नमुना ओला असताना तोलून, पुढे तो वाळवून पुन्हा तोलावा व त्या फरकाशी शलाकेची वाचने ताडून पाहावीत, हा मार्ग आहे. उपकरण बंदिस्त असेल, तर मिळालेली नवी मर्यादा त्यात घालता येतेच असे नाही. मुक्त उपकरणात आज्ञावलीतील एक आकडा बदलणे पुरेसे होते. रिले जळाल्यास ती कोणत्या प्रकारची होती हे घटकांच्या यादीत सापडते व तालुक्याच्या गावातील दुरुस्ती करणारा कारागीरही ती बदलू शकतो.

कायदेशीर बाजू : आज्ञावलीला लेखाधिकाराचे (कॉपीराइटचे) पूर्ण संरक्षण असते, म्हणून तिच्या परवान्यातील अटी कायद्याने अंमलात आणता येतात. मंडलाचे तसे नाही. आकृतीवर लेखाधिकार असला, तरी मंडलाच्या कार्यावर नसतो. भारतीय लेखाधिकार अधिनियम, १९५७ च्या कलम ५२ नुसार, उपयुक्त उपकरणाच्या केवळ कार्यात्मक भागाच्या औद्योगिक उपयोगासाठी तांत्रिक आकृतीवरून त्रिमितीय वस्तू बनविणे हा अधिकारभंग ठरत नाही. म्हणून सुधारित अभिकल्प पुन्हा खुला करावा, ही अट उपकरणांच्या बाबतीत काहीशी दुबळी राहते. ही उणीव भरून काढण्यासाठी यूरोपीय अणुकेंद्रीय संशोधन संघटनेने (सेर्न) २०११ मध्ये मुक्त उपकरणांसाठी खास परवाना तयार केला. २०२० च्या त्याच्या दुसऱ्या आवृत्तीत कडक, सौम्य व अनिर्बंध असे तीन प्रकार आहेत. अभिकल्प प्रसिद्ध करण्याचा दुसराही लाभ आहे. प्रसिद्ध झालेल्या गोष्टीला नावीन्य उरत नाही, म्हणून तिच्यावर नंतर कोणी एकस्व (पेटंट) मागितल्यास भारतात कोणीही व्यक्ती ते मिळण्यापूर्वी हरकत घेऊ शकते. मात्र त्यासाठी प्रसिद्धीची तारीख सिद्ध करता आली पाहिजे. रेडिओ प्रेषकाच्या बाबतीत अभिकल्प मुक्त असला, तरी प्रक्षेपणाचा परवाना वेगळा घ्यावा लागतो. परवान्यातून सूट दिलेले कंप्रता-पट्टे याला अपवाद आहेत.

मर्यादा : फलकाचा आराखडा खुला असला, तरी त्यावरील संकलित मंडलांची अंतर्गत रचना बहुधा गुप्तच असते. २०१० मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठात (बर्कली) सुरू झालेला ‘रिस्क-फाइव्ह’ हा मुक्त आज्ञासंच व त्यावर आधारलेले मद्रासच्या भारतीय तंत्रविद्या संस्थेतील ‘शक्ती’ प्रक्रियक यांमुळे ही अडचण अंशतः दूर होत आहे. आज्ञावलीच्या प्रती विनाखर्च काढता येतात, उपकरणाच्या प्रत्येक प्रतीला मात्र खर्च येतो व त्यात दोषही शिरू शकतो. सिंप्युटरच्या अनुभवावरून दिसते की, अभिकल्प खुला असणे हे उत्पादन टिकण्यास पुरेसे नसते. घरगुती विजेवर चालणाऱ्या उपकरणांत रोधन, भूयोजन व वितळतार यांची उपेक्षा जीवघेणी ठरू शकते. हौशी अभिकल्पाची सुरक्षा-चाचणी झालेली असतेच असे नाही. शिवाय बहुतेक अभिकल्पांचे विवरण इंग्रजीत असते. मुंबईच्या भारतीय तंत्रविद्या संस्थेतील ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्पाने मुक्त साधनांचे पाठ मराठीसह अनेक भारतीय भाषांत उपलब्ध केले आहेत. उपकरण बांधणाऱ्याने त्याचे विवरणही आपल्या भाषेत लिहून ठेवले, तरच ते शेजारच्या गावातील कारागिराच्या दृष्टीने खऱ्या अर्थाने मुक्त होते.