कुंडीतल्या पामवर लाल ठिपके दिसले? फवारा भरायच्या आधी हे वाचा



उन्हाळा लागला की आपल्या ग्रुपवर एक ठरलेला फोटो येतो. अंगणातलं नाहीतर दुकानासमोरचं कुंडीतलं पाम, पानं पिवळट-राखाडी पडलेली, पान उलटं केलं की खाली लाल भुकटी सांडल्यासारखी. आणि खाली प्रश्न: "ही कोणती नवीन कीड? कोणतं औषध मारू?" पहिल्या प्रश्नाचं उत्तर यायच्या आत दुसऱ्याचं उत्तर घरातच सापडलेलं असतं. पऱ्हाटीवर मारून उरलेली अर्धी बाटली! आजचा मेसेज त्या बाटलीसाठी आहे.

पाम काही आपलं पीक नाही, हे खरं. दोनशे रुपयांचं झाड वाळलं तर वाळलं. पण शोभेची झाडं फार लांबून येतात. आंध्रात राजमहेंद्रीजवळ कडियमच्या नर्सऱ्या आहेत, तिथून देशभर ट्रक भरून रोपं जातात. रोप आलं की पानामागचे पाहुणेही येतात, त्यांना कोणी तिकीट विचारत नाही. आणि उमरखेड, महागाव, पुसद या भागात आपल्या सभासदांची केळी आहे. केळीचा इथे काय संबंध, ते ऐका.

पामवर येणारी एक प्रसिद्ध कीड आहे, रेड पाम माइट. तिला आपण पामचा लाल कोळी म्हणू. शास्त्रीय नाव राओएला इंडिका. इंडिका का, तर जगाला तिची पहिली ओळख आपल्याच देशात झाली. १९२४ साली हर्स्ट नावाच्या इंग्रज अभ्यासकाने कोइम्बतूरच्या नारळाच्या पानांवरून तिचं वर्णन लिहिलं. आपल्याकडे ती नारळ-सुपारीची कीड म्हणूनच ठाऊक. पण २००४ मध्ये ती कॅरिबियन बेटांवर मार्टिनिकला सापडली, २००७ मध्ये अमेरिकेत फ्लोरिडाला, २००९ मध्ये ब्राझीलला. तिकडे गेल्यावर तिने नारळ आणि शोभेचे पाम तर धरलेच, केळीवरही बस्तान बसवलं. इतकी वर्षं नारळाची म्हणून ओळखलेली कीड नव्या मुलखात केळीवर गेली. म्हणून कुंडीतल्या झाडाकडे दुर्लक्ष करू नका म्हणतो.

आता "नवीन" या शब्दाचं. कीड नवीन म्हणजे दोन गोष्टी असतात. एक, शास्त्रालाच आजवर माहीत नव्हती. असं क्वचित होतं. दुसरं, दुसरीकडे होती, आपल्याकडे आत्ता आली. हे वरचेवर होतं. २०१८ मध्ये मक्यावरची लष्करी अळी अशीच आली. आणि पुष्कळदा तिसरंच असतं: कीड जुनीच, आपण पान पहिल्यांदा उलटं केलेलं. शास्त्रज्ञही फसतात बरं. लाल रंगाचा कोळी वेगळा आणि हिरवट, दोन ठिपक्यांचा कोळी वेगळा, असं कितीतरी वर्षं मानलं गेलं. २०१३ मध्ये अभ्यासकांनी पुरावे मांडले की हे दोन्ही एकाच जातीचे. म्हणजे नुसत्या रंगावरून नाव ठेवू नये.

मग घरच्या घरी काय पाहायचं? कोळी म्हणजे भिंतीवर जाळं विणणारा तो नव्हे. हा अर्ध्या मिलिमीटरच्या आतबाहेरचा, आठ पायांचा, पानाचा रस शोषणारा जीव. पांढऱ्या कागदावर पान झटका. ठिपके पडतील. दोन मिनिटं थांबा. ठिपका चालायला लागला तर तो कोळी, नाहीतर धूळ. मग पानाची खालची बाजू दहापट भिंगातून बघा, मोबाईलला लावायचं चिमट्याचं भिंगही चालतं.

बारीक जाळी दिसली, अंडी मोत्यासारखी गोल, कोळी हिरवट-पिवळा आणि अंगावर दोन काळे डाग, तर तो बहुधा आपला जुना ओळखीचा, वांगी-भेंडीवर येतो तो दोन ठिपक्यांचा कोळी. जाळी अजिबात नाही, कोळी लालभडक आणि संथ, अंडीही लाल, लांबट आणि पानाच्या शिरेजवळ पुंजक्याने, प्रत्येक अंड्याला केसासारखी शेपटी, आजूबाजूला पांढऱ्या कातींचा सडा, तर पामच्या लाल कोळ्याचा संशय घ्या. याच्या अंगावरच्या राठ केसांच्या टोकांना बारीक थेंबही दिसतात. एखादा चकचकीत, पेरूच्या बीएवढाही नसलेला जीव सुसाट पळताना दिसला तर त्याला मारू नका. तो बहुधा कोळ्यांना खाणारा कोळी, आपल्या बाजूचा.

पानं पिवळी पडली की आपण आधी खत टाकतो. पऱ्हाटीवरच्या लाल्याचं आठवा. मॅग्नेशियम कमी, थंडी, रसशोषक किडी, सगळ्यांचं पान लालच दिसतं आणि उपाय प्रत्येकाचा वेगळा. पामचंही तसंच. खालच्या जुन्या पानांचं पिवळेपण अन्न कमी पडल्याने येतं आणि कोळ्यानेही येतं. पान उलटं केल्याशिवाय कळत नाही.

आता ती बाटली. कोळी हा कीटक नाही. सायपरमेथ्रिनसारखी औषधं मारली तर कोळ्याला खाणारे मित्रजीव आधी मरतात आणि पंधरा दिवसांत कोळी दुप्पट झालेला दिसतो. मग माणूस म्हणतो औषध कडक पाहिजे, आणि दोन औषधं एकत्र करतो. २०१७ च्या फवारणीच्या हंगामात आपल्या जिल्ह्यात काय झालं ते कुणाला सांगायला नको. वीसच्या आसपास शेतकरी-शेतमजूर विषबाधेने गेले, शेकडो दवाखान्यात होते. तिथे निदान वावर होतं. अंगणात, जिथे लेकरं खेळतात आणि पाण्याचा हंडा असतो, तिथे दोन कुंड्यांसाठी पंप चालवू नका. आणि घरात डायकोफॉलची जुनी बाटली असेल, कोळ्याचं औषध म्हणून ती पूर्वी सर्रास मिळायची, तर ती वापरू नका. २०२३ मध्ये केंद्र सरकारने त्यावर बंदी घातली आहे.

कुंडीला आधी पाणी. सकाळी नळीचा जोरदार फवारा पानांच्या खालून, दर तीन-चार दिवसांनी. कोळ्याला कोरडी, धुळीची हवा आवडते. फार खराब पानं कापून जाळा, उकिरड्यावर टाकू नका.

नमुना पाठवायचा तर धुण्याच्या आधी घ्या, नाहीतर पाठवायला काही उरत नाही. फोटो तीन हवेत: पूर्ण झाड, पानाची खालची बाजू, आणि भिंगातून कोळी. फोटो आधी, कारण स्पिरिटमध्ये रंग उडून जातो. मग पानाचे तुकडे कोळ्यांसकट मेडिकलमधल्या सर्जिकल स्पिरिटच्या छोट्या बाटलीत टाका. एक-दोन कोळी पुरत नाहीत, भरपूर हवेत. जाळीवाल्या कोळ्यांची जात ठरते ती नराच्या बारीक अवयवाच्या आकारावरून, काचेवर बसवून सूक्ष्मदर्शकाखाली, आणि नर थोडे असतात, मादीपेक्षा लहान, मागून निमुळते. चिठ्ठी पेन्सिलने लिहून बाटलीतच टाका: गाव, तारीख, झाड कोणतं, रोप कुठून आणलं. पेनची शाई स्पिरिटमध्ये विरघळते.

बाटली आपल्या कंपनीच्या कार्यालयात आणून द्या, आपण ती यवतमाळच्या कृषी विज्ञान केंद्राकडे देऊ. तिथून गरज पडल्यास अकोल्याला डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठातल्या कीटकशास्त्र विभागाकडे जाईल. उत्तराला वेळ लागतो, रोज फोन करून उपयोग नाही.

उत्तर येईपर्यंत ती कुंडी केळीच्या बागेजवळ किंवा रोपवाटिकेत नेऊ नका. पाहुण्यांनी मागितली तरी देऊ नका.