कष्टांतील कृपा

पुण्याच्या नैर्ऋत्येस आज जें कर्वेनगर गजबजलेलें दिसतें, तें पूर्वीचें हिंगणें बुद्रुक. रावबहादुर गणेश गोविंद गोखले यांनीं दिलेल्या जागेवर १९०० सालीं अण्णासाहेब कर्वे यांच्या अनाथ बालिकाश्रमाची झोंपडी उभी राहिली. फर्ग्युसन कॉलेजांत गणित शिकवून अण्णासाहेब चिखल तुडवीत, आश्रमाचें सामान हातीं घेऊन तेथें पायीं जात, ही हकीकत आमच्या घरांतील लहान मुलांसहि ठाऊक आहे. परंतु त्यांच्या पत्नी आनंदीबाई, म्हणजे पूर्वीच्या गोदूबाई, यांस वैधव्यांत विद्येची वाट ज्या घरीं सांपडली, तें एका ख्रिस्ती बाईचें घर होतें, हें तितक्या मोकळेपणीं सांगितलें जात नाहीं.

त्या बाई पंडिता रमाबाई. त्यांच्या धर्मांतराचा वाद आमच्या वाचकांच्या आजोबा-पणजोबांनीं पुष्कळ घातला आहे. तो पुन्हां उकरण्याचा आमचा हेतु नाहीं. आम्हांस विचारावयाचें आहे तें निराळेंच. इतक्या हालअपेष्टांतून गेलेल्या या विदुषीला ईश्वराची कृपा म्हणजे काय वाटली, आणि ती कोठें भेटली?

रमाबाईंचा जन्म १८५८ चा. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनीं लोकनिंदा सोसून पत्नीस संस्कृत शिकविलें, आणि त्या माउलीनें रमेला. सारें कुटुंब तीर्थोतीर्थीं पुराणें सांगत हिंडे. व्रतें, उपवास, दानधर्म यांत पदरचें द्रव्य संपलें, आणि तशांतच दुष्काळ आला. शास्त्र्यांच्या हातांस मजुरीची संवय नव्हती आणि भीक मागण्यास मन धजेना. पाणी व झाडपाला यांवर दिवस काढावे लागले. आधीं वडील गेले, मग आई, मग थोरली बहीण. आईला खांदा देण्यास दोनच ब्राह्मण पुढें आले. तिसरा भाऊ श्रीनिवास आणि चौथी रमा. ती ठेंगणी असल्यानें तिला तो भार डोकीवर घ्यावा लागला. ज्यांनीं देवाला कांहींच द्यावयाचें ठेविलें नव्हतें, त्यांच्या घरचा हा शेवट! पुण्याचा हिशेब कोठें चुकला, हा प्रश्न त्या मुलीच्या मनांत कायमचा रुतून बसला असल्यास नवल नाहीं.

पुढें कलकत्त्यास 'पंडिता' व 'सरस्वती' या पदव्या मिळाल्या, विवाह झाला, कन्या मनोरमा झाली. आणि लगेच १८८२ सालीं पतीहि निवर्तले. १८८३ च्या सप्टेंबरांत इंग्लंडांतील वाँटेज येथें त्यांनीं बाप्तिस्मा घेतला. तेथें सर्व शांत झालें असें कोणी समजूं नये. बाप्तिस्म्यानंतर सुमारें आठ वर्षांनीं आपणांस उमगलें कीं, आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, ख्रिस्त मिळाला नव्हता, असें त्यांनीं स्वतःच लिहून ठेविलें आहे. आमच्या मतें त्यांच्या चरित्राची किल्ली येथें आहे. धर्म बदलला तरी पुण्य जमविण्याची जुनी संवय मनांतून सुटत नाहीं. कृपा ही कर्माची मजुरी नव्हे. ती आधीं मिळते, आणि मनुष्य राबतो तें मागाहून, कृतज्ञतेनें, असें पौलाच्या पत्रांचें सांगणें आहे. दुष्काळांत पत्नी गमावलेल्या तुकोबांच्या घराण्यांतील वाचकांस ही भाषा अगदींच परकी वाटूं नये.

मुंबईस १८८९ च्या मार्चांत रमाबाईंनीं शारदासदन काढलें. गोदूबाई ही तेथील पहिली विधवा विद्यार्थिनी. पुढच्याच वर्षीं सदन पुण्यास आलें. रमाबाईंच्या प्रार्थनेस मुली जाऊं लागल्या तेव्हां १८९३ सालीं रानडे व भांडारकर यांनीं सल्लागार मंडळ सोडलें आणि पुष्कळ पालकांनीं मुली काढून नेल्या. पालकांची काळजी खोटी नव्हती. पण रमाबाईंनींहि आपली प्रार्थना दार लावून केलेली नव्हती. त्याच वर्षीं गोदूबाईंचा कर्व्यांशीं पुनर्विवाह झाला, आणि हिंदु वातावरणांत विधवांस शिकतां यावें म्हणून १८९६ त बालिकाश्रम निघाला. म्हणजे आजच्या कर्वेनगराचें एक मूळ त्या भांडणांतहि आहे.

रमाबाई मात्र पुणें-सोलापूर लोहमार्गावरील केडगांवीं गेल्या. १८९६-९७ च्या दुष्काळांत त्या मध्यप्रांतांत स्वतः हिंडल्या आणि सुमारें तीनशें मुली व स्त्रिया घेऊन आल्या. भुकेनें मरणाऱ्या मुलीच्या डोळ्यांत काय असतें, हें त्यांना कोणी सांगावें लागलें नाहीं. पुढें मुक्तिसदनांतील संख्या दोन हजारांच्या घरांत गेली. एवढ्या जणींचें अन्न म्हणजे काय, हें जिनें पन्नास पानांची पंगत उठविली आहे तीच गृहिणी जाणेल! शेत, विहिरी, गाई, तेलाचा घाणा, माग, छापखाना. अंध स्त्रियांसहि कांहींना कांहीं काम. वडिलांच्या घरीं श्रम ठाऊक नव्हते आणि पुण्य विकत घेतलें जात होतें. येथें श्रमाला अंत नव्हता, आणि त्यांतून कांहीं विकत घ्यावयाचें उरलें नव्हतें.

दुःख त्यामुळें टळलें असें नाहीं. कानांनीं ऐकूं येईनासें झालें. संस्थेचा भार जिच्यावर सोंपवावयाचा ती मनोरमा १९२१ च्या जुलैंत वारली. हिब्रू व ग्रीक या भाषा शिकून त्यांनीं बायबलाचें भाषांतर साध्या मराठींत, खेड्यांतल्या बाईस कळेल असें, चालविलें होतें. तें काम मुलीच्या मृत्यूनंतरहि थांबलें नाहीं. खिळे जुळविणें, छापणें, पुस्तक बांधणें हें सारें आश्रमांतील स्त्रियांच्या हातचें. ५ एप्रिल १९२२ रोजीं रमाबाई गेल्या. ग्रंथ छापून पुरा झाला तो १९२४ सालीं.