फ्रेड हॉईल, जयंत नारळीकर आणि मराठी विज्ञानकथा

ब्रिटिश खगोलशास्त्रज्ञ सर फ्रेड हॉईल (१९१५–२००१) हे संशोधकाइतकेच विज्ञान कादंबरीकार म्हणूनही परिचित आहेत. १९५७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘द ब्लॅक क्लाउड’ या त्यांच्या कादंबरीत सूर्याकडे झेपावणारा आंतरतारकीय मेघ प्रत्यक्षात बुद्धिमान सजीव ठरतो. कल्पना अद्भुत असली तरी तिचा विस्तार भौतिकशास्त्राच्या नियमांना धरून होतो.

कोल्हापूर येथे जन्मलेले डॉ. जयंत विष्णू नारळीकर (१९३८–२०२५) हे केंब्रिजमधील हॉईल यांचे शिष्य होत. १९६४ मध्ये गुरु-शिष्यांनी गुरुत्वाकर्षणाचा नवा सिद्धांत मांडला. गुरूंचा लेखनवारसा मात्र नारळीकरांनी मराठीत चालविला. १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेसाठी त्यांनी ‘कृष्णविवर’ ही कथा ‘नारायण विनायक जगताप’ या टोपणनावाने पाठविली. स्वतःची आद्याक्षरे उलट क्रमाने घेऊन हे नाव योजिले होते. कथेस प्रथम पारितोषिक मिळाले. हा निर्णय शास्त्रज्ञाच्या कीर्तीला नव्हे, तर कथेच्या गुणवत्तेला मिळालेला कौल होता. पुढे ‘यक्षांची देणगी’, ‘प्रेषित’, ‘वामन परत न आला’ ही पुस्तके आली.

विज्ञानकथा हे साहित्य की केवळ विज्ञानप्रसाराचे साधन, हा प्रश्न मराठी समीक्षेत वारंवार उपस्थित होतो. २०२१ च्या नाशिक येथील साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद नारळीकरांना लाभले. तथापि सन्मान म्हणजे समीक्षा नव्हे. या कथांतील विज्ञानाची अचूकता आणि कथनाची कलात्मकता एकत्रितपणे तपासावयाची असेल, तर महाविद्यालयांतील मराठी व विज्ञान विभागांनी परस्परसहकार्याने अभ्यास करणे अगत्याचे आहे.