वाळूने राखलेली द्राक्षवेल

पोर्तुगालमधील लिस्बनच्या पश्चिमेस, अटलांटिक किनाऱ्यालगत कोलारेस हा छोटा द्राक्षप्रदेश आहे. तेथील रामिस्को या काळ्या द्राक्षवाणाची लाल वाइन तुरट, आंबटसर आणि दीर्घकाळ मुरणारी असते. समुद्रावरील धुके व गारवा यांमुळे द्राक्षे सावकाश पिकतात आणि त्यांतील आम्लता टिकून राहते. कीटकशास्त्राच्या दृष्टीने मात्र तेथील वाळू अधिक महत्त्वाची आहे.

१८६० च्या दशकात अमेरिकेतून युरोपात आलेल्या फायलोक्झेरा या सूक्ष्म किडीने मुळांवर हल्ला करून असंख्य बागा उद्ध्वस्त केल्या. भारी जमिनीतील भेगांतून ही कीड एका मुळावरून दुसऱ्या मुळावर जाते. सैल वाळूत तिला अशा वाटा मिळत नाहीत. इतरत्र अमेरिकी खुंटांवर कलमे बांधावी लागली, तेव्हा कोलारेसच्या वेली स्वतःच्याच मुळांवर तगल्या.

हे संरक्षण कष्टाविना लाभलेले नाही. लागवडीसाठी खोल वाळू उपसून खालच्या चिकणमातीपर्यंत पोहोचावे लागते. खाऱ्या वाऱ्यापासून बचावासाठी वेली जमिनीलगत वाढवून बोरूचे कुंपण घालतात.

महाराष्ट्रात डॉगरिज खुंटाचा स्वीकार झाला तो प्रामुख्याने क्षारता व पाणीटंचाईमुळे. कारण वेगळे असले, तरी सूत्र एकच : खुंटाची निवड जमीन ठरवते. म्हणून लागवडीपूर्वी माती व पाणी परीक्षण करूनच खुंट निवडावा. पीकसंरक्षणाचा आरंभ फवारणीपूर्वी, जमिनीपासूनच होतो.