हॉट पॉट: शिरस्त्राणाची गोष्ट आणि खरं भांडं

आज सुरुवातीलाच एक चूक कबूल करतो. चिनी हॉट पॉट मंगोल घोडेस्वारांनी शोधलं, मोहिमेवर असताना ते लोखंडी शिरस्त्राण उलटं करून त्यात मटण शिजवत, ही गोष्ट मी मेसमध्ये वर्षानुवर्षं सांगितली आहे. ऐकणारे खूश व्हायचे, मीही. फौजी माणसाला फौजी गोष्ट लगेच पटते. निवृत्तीनंतर इथे रायपूरला, पुरानी बस्तीत, निवांत वाचायला बसलो तेव्हा कळलं, की तिला पुरावाच नाही.

साधा विचार करा. त्या काळची बरीच शिरस्त्राणं लोखंडी पत्रे एकमेकांना जोडून केलेली असत, आतून चामड्याचं नाहीतर नमद्याचं अस्तर. पाणी ओतलं तर सांध्यांतून गळणार, विस्तवावर ठेवलं तर अस्तर जळणार. उद्या ज्याने डोकं वाचवायचं, ते आज कोणता शिपाई चुलीवर चढवेल? शिवाय मंगोल स्वार मांस शिजवायला मातीचं लहान भांडं बरोबर बाळगतो, असं मार्को पोलोनेच सांगितलं आहे. मग शिरस्त्राण कशाला?

आणि भांडं तर मंगोलांच्या कितीतरी आधीचं. चीनमध्ये नानचांग शहराजवळ 2011 साली लिऊ हे नावाच्या सरदाराची कबर सापडली. हा हान घराण्यातला, फक्त 27 दिवस सम्राट होता, मग गादीवरून उतरवला गेला आणि इ. स. पूर्व 59 मध्ये वारला. त्याच्या कबरीत काशाचं एक भांडं निघालं: वर पदार्थ शिजवायची जागा, खाली कोळशासाठी. चंगेझखानाच्या सव्वाबाराशे वर्षं आधी!

पण नुसतं शेगडीचं भांडं म्हणजे हॉट पॉट नव्हे. सगळ्यांनी भोवती बसून आपापला तुकडा उकळत्या पाण्यात बुडवून खायचा, हा त्यातला मुद्दा. त्याचं स्वच्छ वर्णन तेराव्या शतकातल्या लिन हाँग या लेखकाने केलं आहे. वूयी डोंगरात, बर्फात, त्याला ससा मिळाला. मांसाचे पातळ काप करून मुरवले, मेजावर शेगडी ठेवली, पाणी उकळलं की ज्याने त्याने काड्यांनी काप बुडवून घ्यायचा.

पातळ काप का? कारण इंधन. जाड तुकड्याला तास लागतो, कागदासारख्या कापाला काही सेकंद. लेहच्या उंचीवर पाणी साधारण 88 अंशांनाच उकळतं. उघड्या पातेल्यात डाळ शिजता शिजत नाही, हे तिथे राहिलेल्या कुणालाही विचारा. पातळ काप मात्र तिथेही चटकन होतो.

पुढे हे दरबारात गेलं. 1796 साली बीजिंगच्या राजवाड्यात वृद्धांसाठी मोठी मेजवानी झाली, तिथे पंधराशेहून अधिक हॉट पॉट मांडल्याचं सांगतात. त्याच काळातला खवय्या लेखक युआन मेई मात्र वैतागलेला. प्रत्येक पदार्थाला आपली आच हवी, सगळं एकाच उकळीत घातलं तर चव कशी राहणार, असा त्याचा आक्षेप. मला तो पूर्ण गैर वाटत नाही.

मधोमध धुराडं असलेलं पितळी भांडं तुम्ही फोटोत पाहिलं असेल. तिबेटी लोक त्याला ग्याकोक म्हणतात; ‘ग्या’ म्हणजे चीन. नावातच मूळ आलं. आपल्या छत्तीसगडमध्ये मैनपाटला साठच्या दशकाच्या सुरुवातीपासून तिबेटी वस्ती आहे, तिथे गेलात तर एखाद्या आजीला या भांड्याबद्दल जरूर विचारा.

आता लालभडक, जीभ बधिर करणारं चोंगचिंगचं हॉट पॉट. ते गरिबांचं. यांग्त्से नदीवरचे नावाडी आणि हमाल स्वस्तात मिळणारी आतडी, वजडी झणझणीत रश्शात बुडवून खात, असं म्हणतात. वजडीसाठी तिथे हिशेब आहे: सात वेळा वर, आठ वेळा खाली, झाली. जास्त ठेवली तर रबर! त्यातली मिरची अमेरिका खंडातून आलेली, आपल्याकडे पोर्तुगीजांनी आणली तीच. म्हणजे हा तिखट अवतार फार जुना असूच शकत नाही. आणि बधिर करणारे ते दाणे म्हणजे आपल्या तिरफळाचे सख्खे चुलतभाऊ, एकाच वनस्पतिकुळातले. कोकणातली बांगड्याची आमटी खाल्लेल्याला ती झिणझिण नवी नाही. दोन्हीकडे आतली काळी बी काढून टाकतात, साल वापरतात.

घरी करून पाहायचं तर इंडक्शनवर करा. इथे थंडीत गोरसी पेटवतात, ती आपली मातीची शेगडी. तिच्यावर करायचं मनात आलं तर अंगणात, उघड्यावर. बंद खोलीत कोळसा कधीही नको. त्या विषारी वायूला ना रंग ना वास, माणूस झोपेतच जातो. बर्फाळ चौक्यांवर आम्ही जवानांना रोज रात्री हेच बजावायचो. अंगणात बसा, शाल घ्या, आणि मटणवाल्याला आधीच सांगून ठेवा, काप पातळ हवेत.