सिल्व्हर कुणाचं, गोल्ड कुठलं?

"ताई, माझं सिल्व्हर कार्ड आहे. लाउंजमध्ये सोडतील ना?"

बंगळुरूच्या आउटर रिंग रोडवरच्या एका कंपनीत मी ट्रॅव्हल डेस्क सांभाळते. माहेर बेळगावचं, त्यामुळे ऑफिसातली मराठी मुलं हक्काने ताई म्हणतात आणि परदेशी निघाली की हा प्रश्न हमखास विचारतात. मी उलट विचारते, "सिल्व्हर कुणाचं?" कारण उत्तर रंगावर नाही, घराण्यावर अवलंबून असतं. ब्रिटिश एअरवेजचं सिल्व्हर असेल तर वनवर्ल्ड या विमान कंपन्यांच्या आघाडीत त्याला सफायर समजतात आणि त्या आघाडीच्या विमानाने निघताना लाउंजचं दार उघडतं. सिंगापूर एअरलाइन्सच्या क्रिसफ्लायरचं सिल्व्हर असेल तर ते स्टार अलायन्समध्ये स्टार सिल्व्हर ठरतं. त्यावर बाकीच्या कंपन्यांकडे वेटिंग लिस्टमध्ये थोडं वर सरकण्यापलीकडे फारसं काही मिळत नाही. मात्र एखादी कंपनी स्वतःच्या सिल्व्हरला जास्त देते. लुफ्तान्साचा फ्रिक्वेंट ट्रॅव्हलर स्टार सिल्व्हरच असतो, तरी लुफ्तान्सा त्याला आपल्या बिझनेस लाउंजमध्ये घेते.

या सगळ्याची सुरुवात 1 मे 1981 ला अमेरिकन एअरलाइन्सच्या अॅडव्हान्टेज योजनेने झाली असं मानायला हरकत नाही. त्याआधी लहान प्रयोग झाले होते, पण नेहमीच्या प्रवाशाचे मैल मोजून त्याला बांधून ठेवायचं हे गणित तिथून जगभर पसरलं. मग कंपन्यांच्या लक्षात आलं की प्रवाशाला जिथे जायचं तिथे प्रत्येक ठिकाणी आपलं विमान जात नाही. म्हणून त्यांनी हातमिळवणी केली. 14 मे 1997 ला एअर कॅनडा, लुफ्तान्सा, एसएएस, थाई आणि युनायटेड या पाच कंपन्यांनी स्टार अलायन्स काढली. 1999 मध्ये वनवर्ल्ड आली, 2000 मध्ये स्कायटीम. ही नाती कायमची नसतात. संस्थापकांपैकीच एक असलेली एसएएस सप्टेंबर 2024 मध्ये स्टार सोडून स्कायटीममध्ये गेली. स्टारमध्ये सिल्व्हर आणि गोल्ड असे दोन दर्जे आहेत, वनवर्ल्डमध्ये रुबी, सफायर, एमरल्ड असे तीन, तर स्कायटीममध्ये एलिट आणि एलिट प्लस. प्रत्येक कंपनी आपल्या कार्डांना वाटेल ती नावं देते आणि ती या दर्जांशी जोडून ठेवते. तुमच्या बोर्डिंग पासवर सदस्य क्रमांकाशेजारी चांदणीचं चिन्ह आणि जी हे अक्षर छापलेलं असलं, तर समोरचा कर्मचारी कार्ड न बघताच तुम्हाला स्टार गोल्ड म्हणून ओळखतो.

लोकांचा सगळ्यात मोठा गोंधळ होतो तो दोन खात्यांचा. एका खात्यात खर्च करायचे पॉइंट्स साठतात. त्यातून तिकीट काढा, वरचा वर्ग मागा, ते कमी होत जातात. दुसऱ्या खात्यात दर्जाचे पॉइंट्स असतात. ते खर्च करता येत नाहीत, वर्षाचं चक्र संपलं की मोजणी पुन्हा शून्यापासून सुरू होते. क्रेडिट कार्डावरून लाखभर पॉइंट्स जमवलेला माणूस म्हणूनच गोल्ड होत नाही. त्याला बहुधा विमानातच बसावं लागतं.

किती बसावं लागतं? क्रिसफ्लायरच्या एलिट गोल्डसाठी 12 महिन्यांत 50,000 एलिट माइल्स लागतात. बंगळुरू ते सिंगापूर एका बाजूचं अंतर साधारण 2,000 मैल. पूर्ण माइल्स देणारं भाडं असलं तरी 25 वेळा उडावं लागेल, आणि निम्मेच माइल्स देणारं स्वस्त तिकीट असलं तर 50 वेळा. तिकिटावरचं ते एकुलतं एक इंग्रजी अक्षर, बुकिंग क्लासचं, किती महत्त्वाचं आहे ते इथे कळतं. शिवाय आता बऱ्याच कंपन्या मैल सोडून पैसे मोजू लागल्या आहेत. ब्रिटिश एअरवेजने 1 एप्रिल 2025 पासून खर्च केलेल्या पौंडांवर हिशेब सुरू केला, सिल्व्हरला 7,500 पॉइंट्स. एअर इंडियानेही 2024 मध्ये खर्चाचीच पद्धत घेतली. स्वतःच्या खिशातून वर्षातून एकदा अमेरिकेला जाणाऱ्या कुटुंबाने गोल्डच्या मागे धावू नये असं माझं स्पष्ट मत आहे. त्यासाठी महाग तिकीट घेणं तर मुळीच नको.

पण कंपनीच्या कामासाठी सतत प्रवास होत असेल, तर पहिल्या तिकिटाआधी तासभर बसून विचार करावा. बंगळुरूहून लुफ्तान्सा, सिंगापूर, थाई, एअर इंडिया धरल्या तर तुम्ही स्टारमध्ये आहात. ब्रिटिश एअरवेज, कतार, कॅथे, जपान एअरलाइन्स, क्वान्टास, मलेशिया म्हणजे वनवर्ल्ड. केएलएम आणि एअर फ्रान्स म्हणजे स्कायटीम. एमिरेट्स, एतिहाद कुणातच नाहीत. आपल्या वाटा कुठे जास्त जातात ते पाहून आघाडी निवडायची, आणि मग त्या आघाडीतल्या एकाच कंपनीचा क्रमांक प्रत्येक तिकिटावर टाकायचा. लुफ्तान्साने गेलात तरी माइल्स एअर इंडियाच्या महाराजा क्लबमध्ये घेता येतात. एका उड्डाणाचे माइल्स मात्र एकाच खात्यात पडतात. पाच योजनांमध्ये थोडे थोडे पॉइंट्स विखुरलेली माणसं मी रोज बघते, आणि त्यांच्या हाती काहीच लागत नाही याचं मला खरोखर वाईट वाटतं.

या शहराला एका आघाडीची आठवण जरा वेगळी आहे. किंगफिशर एअरलाइन्स बंगळुरूची. मे 2005 मध्ये तिचं पहिलं विमान उडालं आणि काही वर्षांतच तिचा किंग क्लब इथल्या आयटीवाल्यांच्या पाकिटात जाऊन बसला. 2010 मध्ये वनवर्ल्डने तिला निमंत्रण दिलं. प्रवेशाची तारीखही ठरली होती, 10 फेब्रुवारी 2012. तेव्हा लोक बोलायचे ते ब्रिटिश एअरवेजच्या लाउंजबद्दल, लंडनपर्यंत चालणाऱ्या भारतीय कार्डाबद्दल. पैशाच्या चणचणीमुळे तो प्रवेश अगदी तोंडावर पुढे ढकलला गेला आणि कधीच झाला नाही. ऑक्टोबर 2012 मध्ये विमानं जमिनीवर आली, परवाना निलंबित झाला. किंग माइल्स खात्यात दिसत होते, पण ते चालवायला विमानच उरलं नव्हतं. पॉइंट्स म्हणजे दुकानदाराने दिलेली कूपनं, दुकान आहे तोवरच त्यांना किंमत. त्यामुळे ते वर्षानुवर्षं साठवून ठेवू नयेत, पुरेसे झाले की वापरावेत.

जेट एअरवेजचं तसं झालं नाही, त्याला कारण होतं. तिची जेटप्रिव्हिलेज योजना चालवणारी कंपनी वेगळी होती आणि तिच्यात एतिहादचा निम्म्याहून थोडा जास्त हिस्सा होता. 17 एप्रिल 2019 ला जेट थांबली तरी योजना टिकली आणि इंटरमाइल्स या नव्या नावाने सुरू राहिली. पॉइंट्स वाचले. प्लॅटिनम दर्जाचं काय करायचं हा प्रश्न मात्र राहिलाच, कारण दर्जा विमानाशिवाय जगत नाही.

आज आघाडीत असलेली भारतीय कंपनी एकच, एअर इंडिया. तिला स्टारचं निमंत्रण 2007 मध्ये मिळालं, 2011 मध्ये बोलणी थांबली आणि अखेर 11 जुलै 2014 ला प्रवेश झाला. नोव्हेंबर 2024 मध्ये विस्तारा तिच्यात विलीन झाली, तेव्हा क्लब विस्ताराची खातीही महाराजा क्लबमध्ये आली. विस्तारा कुठल्याच आघाडीत नव्हती, त्यामुळे तिच्या जुन्या प्रवाशांपुढे हे दार तेव्हाच पहिल्यांदा उघडलं. महाराजा क्लबचं गोल्ड आणि प्लॅटिनम, दोन्ही स्टार गोल्ड आहेत. एक गोष्ट मी प्रत्येकाला आवर्जून सांगते: अमेरिकेत देशांतर्गत प्रवास करताना युनायटेडच्या स्वतःच्या गोल्ड सदस्याला केवळ त्या कार्डावर युनायटेड क्लबमध्ये प्रवेश नसतो, पण दुसऱ्या स्टार कंपनीच्या गोल्ड सदस्याला असतो. सॅन फ्रान्सिस्कोहून शिकागोला कामासाठी जाणाऱ्या बंगळुरूच्या मुलाला भारतीय कार्ड त्या देशात जास्त उपयोगी पडतं.

लाउंजचं आकर्षण आपल्याकडे उगाच जास्त आहे. केंपेगौडा विमानतळावर 080 लाउंजबाहेर क्रेडिट कार्डं हातात घेतलेल्यांची रांग पाहिली की तिथे दर्जाचं वेगळेपण काय राहिलं असं वाटतं. खरा उपयोग प्रवास बिघडतो तेव्हा कळतो. एका थंडीत आमच्या दोन इंजिनिअर मुलांचं युरोपातलं जोडविमान बर्फामुळे रद्द झालं. दोघं एकाच टीमचे, तिकिटंही सारखीच. एक जण शेकडो माणसांच्या रांगेत ट्रान्सफर काउंटरपर्यंत सरकत होता. दुसऱ्याकडे स्टार गोल्ड होतं. तो लाउंजमधल्या काउंटरवर गेला, स्टँडबायमध्ये त्याचं नाव वर लागलं आणि त्याच संध्याकाळी तो निघाला. पहिला दुसऱ्या दिवशी पोचला. मी इथून फोनवर दोघांशी बोलत होते, म्हणून तो फरक मला नीट ठाऊक आहे. सामानाचंही तसंच. जिथे वजनाची मर्यादा असते तिथे स्टार गोल्डला 20 किलो जास्त मिळतात, जिथे बॅगा मोजतात तिथे एक बॅग जास्त. बेळगावचा कुंदा, लोणच्याच्या बरण्या आणि वर्षभराचे मसाले घेऊन निघालेल्यांना हे फार मोलाचं आहे. फक्त भाड्याच्या अटी आधी वाचाव्यात.

आणि विमान प्रत्यक्ष कोण उडवतंय तेही बघावं. सिडनीहून क्वान्टासने बंगळुरू आणि त्याच तिकिटावर पुढे इंडिगोने पुणे, असा प्रवास होऊ शकतो. इंडिगो कुठल्याच आघाडीत नाही, तिची ब्लूचिप ही योजना वेगळी. तिच्या विमानात वनवर्ल्डचे हक्क लागू होत नाहीत, दोन कंपन्यांनी आपसात जेवढं ठरवलं असेल तेवढंच मिळतं.

नावाचा घोळ तर आपल्या मराठी लोकांत नेहमीचा. पासपोर्टवर वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव मधे, सदस्य खात्यात ते गाळलेलं, लग्नानंतर आडनाव बदललेलं. मग माइल्स जमा होत नाहीत. खातं पासपोर्टप्रमाणे उघडावं आणि माइल्स दिसेपर्यंत बोर्डिंग पास फेकू नये, कारण राहिलेले माइल्स मागायला तोच पुरावा लागतो आणि त्याला मुदत असते. तिकिटाचे पैसे कंपनीने दिले तरी माइल्स बहुधा प्रवाशाच्याच नावावर पडतात. केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्यांना मात्र सरकारी दौऱ्याचे माइल्स सरकारी प्रवासासाठीच वापरायचा नियम आहे. या शहरात इस्रो, डीआरडीओची माणसं पुष्कळ, त्यांनी हे लक्षात ठेवावं.

मुलं शेवटी विचारतात ते आईबाबांबद्दल. स्टार गोल्डवर त्याच विमानाने जाणारा एकच पाहुणा लाउंजमध्ये नेता येतो, म्हणजे दोघांना घेऊन निघालात तर एक जण बाहेर राहतो. ते दोघंच जाणार असतील तर मुलाचा दर्जा त्यांना मुळीच चालत नाही. त्यांच्यासाठी पॉइंट्स वापरावेत. शक्य असेल तिथे थेट विमानाचं तिकीट काढावं, नाहीतर लांबच्या पल्ल्यावर वरचा वर्ग घ्यावा. आणि व्हीलचेअरची मदत मागायला कुठलंही कार्ड लागत नाही. ती तिकीट काढतानाच नोंदवावी आणि निघण्याआधी कंपनीला फोन करून नोंद झाली आहे ना, हे पुन्हा विचारून घ्यावं.