पाय टेकण्याआधी

दिवा पूर्वेला आमच्या इमारतीत नळाला पाणी येतं ते पहाटे. धार लागल्याचा आवाज आला की उठायचं आणि पिंप भरायला मोरीकडे धावायचं, ही कित्येक वर्षांची सवय. मागच्या वर्षी अशाच एका पहाटे पलंगावरून उजवा पाय खाली टेकवला आणि होतो तिथेच परत बसलो. टाचेच्या तळाशी, जरा आतल्या बाजूला, बाभळीचा काटा रुतावा तशी कळ गेली. तळवा उलटा करून दिव्याखाली धरला. काटा नाही, खरचटलेलं नाही, सूजही नाही. भिंतीला धरून, चवड्यावर लंगडत मोरी गाठली. चौथी बादली भरेपर्यंत कळ ओसरली आणि मी ती विसरलो. संध्याकाळी लोकलमधून उतरून पुलाच्या पायऱ्या चढताना ती परत आली. दुसऱ्या दिवशी पहाटे पुन्हा हजर.

शेजारच्या काकूंना सांगितलं तर म्हणाल्या, ‘हाड वाढलंय. माझंही वाढलं होतं.’ मग कळलं की आमच्या जिन्यात प्रत्येक मजल्यावर कुणी ना कुणी सकाळी भिंत धरून चालतंय. डॉक्टरी भाषेत या दुखण्याला प्लांटर फॅशिआयटिस म्हणतात. साधारण दहांतल्या एका माणसाला ते आयुष्यात कधी तरी गाठतं, आणि चाळिशी ते साठी हा त्याचा आवडता काळ. दिवसभर पहाऱ्यावर उभं राहणाऱ्यांना होतं म्हणून इंग्रजीत याचं जुनं टोपणनाव आहे ‘पोलिसाची टाच’. आपल्याकडे याला ‘लोकलची टाच’ म्हणायला हरकत नाही.

रहाटाची दोरी

तळव्याच्या कमानीखालून एक जाड, चिवट पट्टा जातो. टाचेच्या हाडापासून निघून तो पाचही बोटांच्या मुळाशी पोहोचतो. धनुष्याची कमान जशी दोरीने ताणून धरलेली असते, तशी पायाची कमान या पट्ट्याने धरलेली असते. खात्री करायची असेल तर उभे राहा आणि घरातल्या कुणाला तरी तुमचा पायाचा अंगठा वर उचलायला सांगा. अंगठा वर गेला की कमान आपोआप उंचावते. 1954 मध्ये ब्रिटनच्या जे. एच. हिक्स यांनी ही करामत नीट समजावून सांगितली आणि तिला नाव दिलं ते दोर गुंडाळणाऱ्या यंत्राचं, म्हणजे आपल्या रहाटाचं. कोकणातल्या विहिरीवर रहाट ओढलेल्याला वेगळं सांगायला नको: बोटं वर वळली की दोर गुंडाळला जातो आणि कमान ताठ होते. प्रत्येक पावलागणिक, दिवसातून हजारो वेळा, हा रहाट फिरतो. सगळ्यात जास्त ओढ बसते ती दोर जिथे बांधलेला आहे तिथे, टाचेच्या हाडाच्या आतल्या कडेवर. बोटाने दाबून पाहिलं तर दुखणारा ठिपका नेमका तिथेच सापडतो.

मग सकाळीच का दुखतं? रात्रभर झोपेत पाऊल पुढे झुकलेलं असतं. पट्टा सैल पडून आखडतो. पहाटे त्याच्यावर एकदम सगळ्या अंगाचं वजन येतं. दहा-वीस पावलांत तो सैलावतो, म्हणून बरं वाटतं. दिवसभराच्या ओझ्याने थकतो, म्हणून संध्याकाळी परत ठणकतो.

आता त्या ‘वाढलेल्या हाडा’बद्दल. एक्स-रेमध्ये टाचेच्या हाडाला पुढे आलेलं टोक अनेकांना दिसतं, मलाही दिसलं. ते पाहून माणूस हादरतो, कारण ते काट्यासारखंच दिसतं आणि दुखणंही काट्यासारखंच असतं. पण हेच टोक कधीही न दुखलेल्या कितीतरी टाचांमध्ये असतं आणि भयंकर दुखणाऱ्या कितीतरी टाचांमध्ये नसतं. त्यामुळे ते कापून काढलं की दुखणं गेलं, इतका हा हिशेब सोपा नाही. काट्याची उपमा मात्र फार जुनी आहे. सुश्रुतसंहितेत पाय वेडावाकडा पडल्याने उठणाऱ्या या भागातल्या वेदनेला ‘वातकंटक’ म्हटलंय. कंटक म्हणजे काटाच.

‘आयटिस’ हा शेवटही थोडा फसवाच. त्याचा अर्थ दाह, सूज. 2003 मध्ये अमेरिकेतल्या हार्वे लेमाँट आणि सहकाऱ्यांनी टाचेच्या शस्त्रक्रियेत काढलेले 50 रुग्णांचे नमुने सूक्ष्मदर्शकाखाली तपासले. दाहाच्या खुणा मिळाल्या नाहीत. दिसली ती तंतूंची झीज. म्हणजे दोर सुजलेला नसतो, विरलेला असतो. ही एक गोष्ट लक्षात आली की पुढचं सगळं उलगडतं. सुजेवरची गोळी विरलेल्या दोराला सांधत नाही. नुसतं पडून राहिल्यानेही तो सांधला जात नाही, उलट आणखी कमकुवत होतो. आणि दुर्लक्ष करून तसंच पळत राहिलं तर विरतच जातो. त्याला हवं असतं मापात दिलेलं ओझं, हळूहळू वाढवलेलं. हाडामांसाचा दोर सुताच्या दोरापेक्षा एवढ्याच बाबतीत वेगळा: तो वापराने पुन्हा घट्टही होतो.

उभ्या माणसांचं गाव

2003 मध्येच अमेरिकेत रिडल आणि सहकाऱ्यांनी हे दुखणं कुणाला जास्त होतं ते तपासलं. तीन कारणं ठळक निघाली: घोटा पुरेसा वर न वळणं, म्हणजेच आखडलेली पोटरी; वाढलेलं वजन; आणि दिवसभर उभ्याने काम. यादी वाचली आणि आमचं स्टेशन डोळ्यांसमोर उभं राहिलं.

दिवा हे जंक्शन. वसईकडे आणि पनवेलकडे जाणारे फाटे इथून फुटतात, कोकणात जाणारी सावंतवाडीची गाडी इथून सुटते. मुंबईत घर परवडत नाही म्हणून माणूस इथे येतो आणि रोज मुंबईला जातो. डिसेंबर 2016 पासून काही जलद लोकल इथे थांबू लागल्या, पण कल्याण-डोंबिवलीकडून भरून आलेल्या गाडीत दिव्याला बसायला जागा मिळणं म्हणजे लॉटरी. सीएसएमटीपर्यंत तास-सव्वा तास उभ्याने. तिकडे उतरून काम काय, तर मॉलमधला पहारा, साडीच्या दुकानातला काउंटर, हॉटेलचं किचन, रुग्णालयाचा वॉर्ड. परतीचा प्रवासही उभ्यानेच.

घरी थांबणारीची टाच काही निराळी नाही. पूर्वी चुलीपुढे बसून स्वयंपाक व्हायचा. आता ओट्यापाशी उभ्याने होतो, तोही टाइल्सच्या कडक जमिनीवर, अनवाणी. आपल्याकडे चपला दाराबाहेर. ती रीत चांगलीच आहे, पण दुखऱ्या टाचेला टाइल्स मानवत नाहीत.

केरळात साड्यांच्या दुकानांतल्या विक्रेत्या स्त्रियांनी यासाठी लढा दिला. दिवसभर बसू न देण्याविरुद्ध त्या रस्त्यावर उतरल्या आणि 2018 मध्ये राज्याने कायद्यात दुरुस्ती करून त्यांना कामाच्या जागी बसण्याचा हक्क दिला. 2021 मध्ये तमिळनाडूने तोच कित्ता गिरवला. कारखान्यात उभ्याने काम करणाऱ्यांसाठी बसण्याची सोय हवी, हे तर 1948 च्या कारखाना कायद्याच्या 44 व्या कलमातच लिहिलेलं होतं. दुकानातलं एक स्टूल ही चैन नव्हे, औषध आहे. हे मालकांना कुणी तरी सांगायला हवं.

दिव्याच्या दिवसात बसणारे उपचार

‘रोज अर्धा तास व्यायाम करा, उभं राहणं टाळा’ हा सल्ला दिव्यात टिकत नाही. टिकेल तो आपल्या दिवसात घुसवलेला उपचार.

पहिला उपचार अंथरुणातच. पाय खाली टाकण्याआधी दुखरा पाय दुसऱ्या मांडीवर घ्या, हाताने पाचही बोटं नडगीच्या दिशेने मागे ओढा. दुसऱ्या हाताने तळवा चाचपा. ताणलेल्या तारेसारखा पट्टा लागला पाहिजे. दहा आकडे मोजा, सोडा. असं दहा वेळा. दिवसातून तीनदा करायचं. त्यातलं पहाटेचं सगळ्यात महत्त्वाचं. 2003 मध्ये डिजिओव्हानी आणि सहकाऱ्यांनी जुनाट टाचदुखीच्या 101 रुग्णांवर हा ताण आणि नेहमीचा पोटरीचा ताण यांची तुलना केली. आठ आठवड्यांत बोटं ओढणारे पुढे होते.

दुसरा उपचार जिन्यात. आमच्या इमारतीला लिफ्ट नाही. आयुष्यात पहिल्यांदा तिच्या नसण्याचा उपयोग झाला. टॉवेलची गुंडाळी पायरीच्या कडेवर ठेवायची, बोटं तिच्यावर, चवडा पायरीवर, टाच मोकळी. कठडा धरायचा. तीन आकड्यांत टाच वर, दोन आकडे तिथेच, तीन आकड्यांत खाली. बारा वेळा, तीन फेऱ्या, एक दिवसाआड. सुरुवातीला दोन्ही पायांवर, जमू लागलं की एका पायावर, आणखी जमलं की पाठीवर पुस्तकांची सॅक. टॉवेलने बोटं वर वळतात, म्हणजे तोच रहाट फिरतो. डेन्मार्कमधल्या रॅथलेफ आणि सहकाऱ्यांनी 2014 मध्ये 48 रुग्णांवर केलेल्या अभ्यासात तीन महिन्यांनी या व्यायामाचे रुग्ण नुसत्या ताणाच्या रुग्णांपेक्षा बरेच सुधारलेले होते. वर्षाअखेर दोन्ही गट जवळपास सारखेच बरे झाले, हेही तितकंच खरं. व्यायाम करताना थोडं दुखलं तर चालतं. दुसऱ्या दिवशी पहाटेची कळ वाढली, तर आपण जास्त केलं असं समजायचं.

तिसरा उपचार चपलेचा. झिजलेली रबरी स्लिपर आणि सपाट, कडक तळाची कोल्हापुरी काही महिने माळ्यावर ठेवा. टाच जराशी उंच, तळ मऊ आणि कमानीला आधार असलेलं पादत्राण हवं. बाजारात ‘एमसीआर’ चप्पल मिळते. तिच्या मऊ रबराचा वापर वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात डॉ. पॉल ब्रँड आणि सहकाऱ्यांनी कुष्ठरुग्णांच्या बधिर तळव्यांसाठी रुळवला. आज तीच चप्पल टाचदुखीवाले घालतात. एक जोड फक्त घरातला ठेवा: देवघरापाशी काढा, ओट्यापाशी घाला. आईला हे पटवायला मला दोन आठवडे लागले.

लोकलमध्ये फार काही करता येत नाही. वजन या पायावरून त्या पायावर घेत राहा, जमेल तिथे एका पायाखाली सॅक ठेवा, ठाण्याला चौथी सीट मिळाली तर लाजू नका. आणि गाडी थांबायच्या आत फलाटावर उडी मारू नका. जीव जातो, हे दिवेकरांना सांगायची गरज नाही. वाचला तरी सगळा दणका टाचेवर बसतो.

पाण्याची बाटली फ्रीजरमध्ये गोठवून तिच्यावर तळवा फिरवणं, तेलाने पोटऱ्या चोळणं, तापल्या विटेवर रुईचं पान ठेवून शेकणं, या साऱ्याने त्या रात्रीपुरता आराम पडतो. तेवढ्यासाठी जरूर करा. मात्र मधुमेहाने तळवे बधिर झालेल्यांनी बर्फ आणि वीट दोन्ही टाळावीत. भाजलेलं कळतही नाही. रुईचा चीक डोळ्यांत जाऊ देऊ नका.

डॉक्टर कधी?

स्टेरॉइडच्या इंजेक्शनने काही आठवडे छान वाटतं. पण वारंवार घेतलं तर पट्टा तुटण्याची आणि टाचेखालची चरबीची गादी पातळ होण्याची भीती असते. म्हणून ती पहिली पायरी नव्हे. शस्त्रक्रिया अगदी थोड्यांना लागते.

काही टाचा मात्र वेगळं सांगत असतात. दोन्ही टाचा दुखतात आणि तरुण वयात सकाळी कंबरही अर्धा-पाऊण तास आखडते, झोपेतही ठणका थांबत नाही, मुंग्या येतात, टाच सुजते, लाल होते, ताप येतो, पडल्यापासून पाय टेकवत नाही. यांतलं काहीही असेल, किंवा दीड-दोन महिने मनापासून व्यायाम करूनही फरक नसेल, तर डॉक्टरांना दाखवा. ठाणे महापालिकेचं छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय कळव्याला आहे, दिव्याहून दोन स्टेशनं.

माझी टाच बरी व्हायला अकरा महिने लागले. हे ऐकून घाबरू नका. दहांतले आठ-नऊ जण शस्त्रक्रियेशिवाय वर्षभरात बरे होतात. या दुखण्यात माणूस हरतो तो तिसऱ्या आठवड्यात, थोडं बरं वाटलं म्हणून किंवा अजिबात वाटलं नाही म्हणून व्यायाम सोडतो तेव्हा. मीही दोनदा सोडला होता.

उद्या पहाटे नळाला धार लागेल, तुम्ही घाईने उठाल. आधी बोटं ओढा. दहा वेळा दहा आकडे म्हणजे शंभर सेकंदं, दोन मिनिटंसुद्धा नाहीत. तेवढ्यात पाणी जात नाही आणि लोकलही सुटत नाही.